पत्र्याचा गाडीखाना : आखणी, बांधणी आणि निगा

तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या काठची खानदेशातील जुनी घरे धाब्याची असत. जाड भिंती, लाकडी खांड आणि वर मातीचा थर अशा या घरांत वैशाखातही गारवा राही. बैलगाडी मात्र घरात येत नसे. ती अंगणातील कडुनिंबाखाली किंवा खळ्यात उभी राही. नांगर, वखर, पांभर व तिफण भिंतीस टेकून ठेवली जात. लाकडी औजारास ऊनपाऊस लागला तरी गावचा सुतार ते थोड्या खर्चात दुरुस्त करून देई, आणि त्यामुळे गाडीसाठी स्वतंत्र छप्पर बांधण्याची निकड कोणास वाटत नसे.

आज परिस्थिती पालटली आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पुष्कळ घरांपुढे ट्रॅक्टर, ट्रॉली, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, फवारणीयंत्र आणि मोटारसायकल उभी दिसते. काही घरांपुढे मोटारगाडीही असते. घरातील जमिनीखालोखाल सर्वांत मोठी रक्कम या यंत्रांत गुंतलेली असते, आणि अनेक ठिकाणी तिच्या कर्जाचे हप्ते फिटावयाचे असतात. असे असूनही ट्रॅक्टर बाराही महिने उघड्यावर राहतो. उन्हाने टायरांना भेगा पडतात, रबरी नळ्या कडक होतात, आसन फाटते. धुराड्याच्या नळीवर झाकण नसेल तर पावसाचे पाणी इंजिनात उतरते. पेरणीयंत्राच्या पेटीत राहिलेले खत ओल धरून दगडासारखे बसते, आणि मृगाचा पाऊस पडून वापसा आल्यावर नेमक्या घाईच्या दिवशी यंत्र अडते. एका दिवसाची पेरणी चुकली तर तिचे मोल वर्षभर मोजावे लागते.

यास्तव पत्र्याचा गाडीखाना ही आता केवळ सोयीची वस्तू राहिलेली नाही. परंतु तो घाईने, अंदाजाने उभारला तर उपकारापेक्षा अपकारच अधिक होतो. वळवाच्या वादळात उडालेला पत्रा यंत्राचे रक्षण तर करीत नाहीच, उलट शेजाऱ्याच्या अंगणात तो पात्यासारखा जाऊन पडतो. म्हणून बांधणीपूर्वी विचार, बांधताना काटेकोरपणा आणि बांधल्यावर निगा या तीनही गोष्टींची आवश्यकता आहे.

पत्र्याचा पूर्वेतिहास

नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट लंडन येथे 1829 साली हेन्री रॉबिन्सन पामर या अभियंत्याने घेतले. सपाट पातळ पत्रा स्वतःच्या भारानेही वाकतो. परंतु त्यास पन्हळी पाडल्या की तोच पत्रा बराच भार पेलतो, हे त्यातील मर्म होय. पुढे 1837 साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने लोखंडास जस्ताचा मुलामा देण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. या दोन शोधांच्या संयोगातून आजचा पत्रा निर्माण झाला.

जस्त लोखंडास दोन प्रकारे राखते. एक तर ते हवा व पाणी यांना लोखंडापर्यंत पोहोचू देत नाही. दुसरे असे की, लहानसा ओरखडा पडला तर जस्त आधी झिजते आणि शेजारचे लोखंड वाचविते. मुलामा संपला म्हणजे मात्र पातळ लोखंडास गंज चढण्यास फार काळ लागत नाही. पत्र्याची निगा म्हणजे मुख्यतः या जस्ताची निगा होय.

जागेची निवड व आकार

गाडीखान्याची जागा उंचवट्याची असावी. पावसाळ्यात अंगणातील पाणी जिकडे वाहते ती बाजू टाळावी. मोठ्या झाडाची फांदी छपरावर येत असेल तर तीही जागा टाळणे इष्ट, कारण वादळात फांदी मोडते आणि एरवीही पालापाचोळा पन्हळींत कुजून पत्रा खातो. वरून विजेच्या तारा जात असतील तेथे पत्र्याचे छप्पर कदापि उभारू नये. तार जवळून जात असल्यास महावितरणच्या कर्मचाऱ्यास जागा दाखवून सुरक्षित अंतर ठरवून घ्यावे. गावठाणात बांधकाम करण्यापूर्वी ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी आणि आपल्या छपराची पागोळी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडणार नाही असे अंतर सोडावे. पुष्कळ तंटे पागोळीवरूनच सुरू होतात.

खानदेशात पावसाळी वारा बहुतांशी नैर्ऋत्य व पश्चिमेकडून येतो आणि दुपारनंतरचे कडक ऊनही पश्चिमेचेच असते. म्हणून गाडीखान्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून पश्चिमेची बाजू बंद करावी आणि तोंड उत्तरेस अथवा पूर्वेस ठेवावे. एवढ्या एका व्यवस्थेने ऊन, पाऊस आणि धूळ या तिघांचाही त्रास पुष्कळ कमी होतो.

आकार ठरविताना कागदावरील मापांपेक्षा प्रत्यक्ष यंत्र अधिक खरे बोलते. ठरविलेल्या जागी चुन्याच्या रेघा आखाव्यात आणि मागे रोटाव्हेटर जोडून ट्रॅक्टर त्या रेघांत उभा करून पाहावा. चारही बाजूंनी माणूस हातात पाना घेऊन वाकू शकेल एवढी, म्हणजे सुमारे 3 फूट, जागा सुटली पाहिजे. एकट्या ट्रॅक्टरास व मागील औजारास साधारणतः 12 फूट रुंद व 18 ते 20 फूट लांब जागा पुरते. ट्रॉली व इतर औजारेही आत घ्यावयाची असल्यास 20 फूट रुंद व 30 फूट लांब असा आकार सोयीचा पडतो. खालच्या कडेस छपराची उंची 10 फुटांपेक्षा कमी नसावी. ट्रॅक्टरचा मांडव व वर वळलेले धुराडे या दोहोंची उंची मोजल्याखेरीज खांब कापू नयेत.

काळी जमीन व पाया

तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीचा गुण प्रत्येक शेतकरी जाणतो. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. कपाशी व केळी यांना पोसणारी हीच जमीन इमारतीच्या पायास मात्र वैरीण ठरते. उथळ खड्ड्यात रोवलेला खांब दरवर्षी थोडा वर उचलला जातो, थोडा खाली बसतो. तीन-चार वर्षांत खांब ओळंब्यातून सुटतात, कैची पिळवटते आणि पत्र्याची भोके रुंदावतात. छप्पर गळू लागते, तेव्हा दोष पत्र्यास दिला जातो. खरा दोष पायाचा असतो.

म्हणून खणताना मुरूम किती खोलीवर लागतो ते आधी पाहावे. सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा धुळे जिल्ह्यातील हलक्या रानांत मुरूम लवकर लागतो. तेथे 2 फूट लांब, 2 फूट रुंद व 3 फूट खोल खड्डा घेऊन त्यात सळईसह काँक्रीट भरावे. जेथे काळी माती खोल आहे तेथे भेगांच्या खाली, न हलणाऱ्या थरापर्यंत, पाया उतरविला पाहिजे. अशा जमिनीसाठी रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेल्या ओतीव खुंटाची पद्धत विकसित केली असून ती देशभर वापरात आहे. गिरमिटाने खोल भोक घेऊन त्याचा तळ रुंद करतात व त्यात काँक्रीट ओततात. तो रुंद तळ खुंटास वर उचलू देत नाही. हे काम जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्यानेच करवून घ्यावे.

खड्ड्यातून निघालेली काळी माती पुन्हा पायाभोवती भरू नये. तेथे मुरूम चोपून भरावा. जमीन सभोवतालच्या अंगणापेक्षा एक ते दीड फूट उंच घ्यावी आणि बाहेर चारही बाजूंनी उतार द्यावा. आतील काँक्रीटची जमीन व खांब यांमध्ये बोटभर फट सोडून ती डांबराने भरावी, म्हणजे जमीन हलली तरी खांबास धक्का बसत नाही.

वादळाचा हिशेब

एप्रिल, मे व जूनच्या आरंभी खानदेशात अवचित वादळे होतात. रावेर, यावल व चोपडा या पट्ट्यात उभ्या केळीच्या बागा काही मिनिटांत आडव्या झाल्याचे दृश्य अनेक वर्षी पाहावयास मिळाले आहे. त्याच वादळात पत्रेही उडतात. असे का होते हे समजण्यासाठी थोडा हिशेब उपयोगी पडेल.

ताशी 100 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 47 किलो भरतो. उघड्या छपराखाली शिरलेला वारा पत्रा वर ढकलतो आणि छपरावरून जाणारा वारा त्यास वर ओढतो. 20 फूट गुणिले 30 फूट छपराचे क्षेत्र सुमारे 56 चौरस मीटर होते. एवढ्या छपरावर वर उचलणारा जोर 2,600 किलोपर्यंत जाऊ शकतो. पत्रे व सांगाडा यांचे वजन दर चौरस मीटरला 15 किलो धरले तर ते सर्व मिळून 840 किलो भरते. बाकीचा सुमारे 1,760 किलोंचा ताण आठ खांबांनी जमिनीत धरून ठेवावयाचा असतो. म्हणजे प्रत्येक खांबास सरासरी 220 किलो, आणि कोपऱ्यांच्या पत्र्यांवर ओढ त्याहून अधिक. वाऱ्याचा वेग दीडपट झाला तर जोर दीडपट न होता सव्वादोनपट होतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

वर सांगितलेल्या मापाच्या पायात सुमारे 800 किलो काँक्रीट बसते. तो पाया हा ताण सहन करतो. याउलट, नुसत्या मातीत पुरलेला खांब पावसाने माती भिजताच सुटतो. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची रीत गावोगाव आढळते. दहा-वीस दगडांचे वजन या जोरापुढे नगण्य आहे. वादळात पत्र्याबरोबर तेच दगड घरंगळत खाली येतात आणि अंगणातील माणसांना व गुरांना इजा करतात. दगड ठेवण्याची रीत सर्वस्वी सोडून दिली पाहिजे. पत्रा सांगाड्यास, सांगाडा खांबास आणि खांब पायास घट्ट बांधलेला असणे, हाच वादळावरील खरा उपाय होय. या साखळीतील एक दुवा कच्चा असेल तर बाकीच्यांचे बळ वाया जाते.

सांगाडा व पत्रे

खांबांत 10 फुटांहून अधिक अंतर ठेवू नये. टोकाच्या गाळ्यांत तिरपे ताण अवश्य द्यावेत. ते नसतील तर सबंध सांगाडा पत्त्यांच्या घरासारखा एका बाजूस झुकू शकतो. पत्रे ज्या आडव्या पट्ट्यांवर बसतात त्या 4 फुटांवर आणि कडेस त्याहून जवळ घ्याव्यात. छपरास दर 5 फुटांस 1 फूट उतार दिला म्हणजे नालीदार पत्र्यावर पाणी थांबत नाही. पोकळ चौकोनी पाईप वापरल्यास त्याची उघडी तोंडे झाकून घ्यावीत, कारण आत शिरलेले पाणी पाईप आतून गंजविते आणि तो दोष बाहेरून दिसत नाही.

पत्रा घेताना केवळ दर विचारू नये; जाडी व मुलामा या दोन्ही गोष्टी विचाराव्यात. गेजचा आकडा जसजसा वाढतो तसतसा पत्रा पातळ होतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. गाडीखान्यास 0.5 मिलिमीटरपेक्षा पातळ पत्रा घेऊ नये, 0.63 मिलिमीटरचा मिळाल्यास उत्तम. जस्ताचा मुलामा दर चौरस मीटरला किती ग्रॅम आहे यावर पत्र्याचे आयुष्य ठरते. 120 ग्रॅम मुलाम्याचा पत्रा स्वस्त पडतो, परंतु 275 ग्रॅमचा त्याच्या दुपटीहून अधिक जस्त बाळगतो. पत्र्यावर भारतीय मानकाची खूण पाहून घ्यावी व पावती जपून ठेवावी. आणलेले पत्रे पावसात एकावर एक रचून ठेवू नयेत. दोन पत्र्यांत पाणी अडकले की पांढरी भुकटी धरते आणि वापरण्यापूर्वीच मुलामा नासतो.

पत्रे बसविण्यास वाऱ्याच्या विरुद्ध टोकापासून, म्हणजे येथे पूर्वेकडून, प्रारंभ करावा. मग प्रत्येक पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि जोडाची उघडी कड वाऱ्याकडे येत नाही. बाजूचा चढाव दीड ते दोन पन्हळींचा व खालवरचा चढाव किमान 6 इंचांचा असावा. भोक नेहमी पन्हळीच्या माथ्यावर पाडावे; पाणी वाहते त्या खोलगट भागात कधीही पाडू नये. स्क्रूखाली रबरी वायसर असावा आणि तो दबेपर्यंतच आवळावा. जास्त आवळल्याने रबर फाटते, कमी आवळल्याने पाणी शिरते. कडेच्या व कोपऱ्यांच्या पट्ट्यांवर स्क्रू दाट घ्यावेत. काम संपताच छपरावर पडलेला लोखंडाचा कीस मऊ झाडूने काढून टाकावा. नाही तर पहिल्याच दवाने तो गंजून पत्र्यावर डाग पाडतो.

उष्णता व पावसाचे पाणी

मे महिन्यात जळगाव व भुसावळ येथे पारा 45 अंशांवर जातो. अशा वेळी पत्र्याखालील हवा भट्टीसारखी तापते. छपराच्या माथ्याशी हवा बाहेर पडण्यास वाट ठेवली आणि भिंतींचा वरचा एक फूट भाग उघडा सोडला तर गरम हवा कोंडत नाही. वरून पांढरा, ऊन परतविणारा रंग दिल्यानेही फरक पडतो. गारव्यासाठी पत्र्याखाली कडबा किंवा पऱ्हाट्या बांधण्याचा मोह मात्र टाळावा. इंजिन, डिझेल व विजेची तार जेथे एकत्र आहेत तेथे वाळलेला पाला म्हणजे आगीस निमंत्रण होय.

जे छप्पर उन्हात तापते तेच पावसाळ्यात पाणी मिळवून देते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. जळगावी वर्षाचा पाऊस सुमारे 700 मिलिमीटर धरला तर वरील 56 चौरस मीटर छपरावर सुमारे 39,000 लिटर पाणी पडते. पाचव्या हिश्शाची तूट वजा केली तरी 31,000 लिटर हाती येते. 200 लिटरची दीडशेहून अधिक पिंपे भरतील एवढे हे पाणी आहे. छपराच्या दोन्ही कडांना पन्हळ लावून ते टाकीत साठवावे, किंवा गाळणखड्ड्यातून विहिरीकडे वळवावे. यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात भूजल खोल गेले आहे. तेथे प्रत्येक छपराचे पाणी जमिनीत मुरणे हिताचे आहे. पत्र्यावरील पहिल्या पावसाचे धुळीने भरलेले पाणी बाहेर सोडून द्यावे. साठविलेले पाणी यंत्रे धुण्यास व झाडांस वापरावे, पिण्यास वापरू नये.

वीज, आग व साठवण

पत्र्याच्या छपराखाली विजेची जोडणी करताना कसलीही काटकसर करू नये. सोललेली तार ओल्या सांगाड्यास चिकटली तर सबंध गाडीखाना विजेने भारला जातो, आणि सकाळी ट्रॅक्टर काढण्यास गेलेला माणूस खांबास हात लावताच प्राणास मुकतो. तारा नळीतून न्याव्यात, सांगाड्यास स्वतंत्र भूसंधान द्यावे आणि गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवावे. या उपकरणाची किंमत एका टायरच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

वेचणीच्या दिवसांत घरात जागा पुरत नाही म्हणून कापूस गाडीखान्यात टाकण्याची प्रवृत्ती दिसते. ट्रॅक्टरच्या धुराड्यातील ठिणगी, वेल्डिंग किंवा विडीचे थोटूक यांपैकी काहीही एक वर्षाच्या पिकाची राख करण्यास पुरेसे आहे. कापूस व यंत्र एका छपराखाली ठेवू नये. रासायनिक खतांच्या गोण्याही तेथे नकोत. खते हवेतील ओल शोषून घेतात आणि त्यांचे क्षार पत्रा व खांब दोन्ही खातात. गुरे गाडीखान्यात बांधल्यास त्यांच्या मूत्रानेही खांबांची बुडे गंजतात. वाळू भरलेल्या दोन बादल्या व आग विझविण्याचे एक उपकरण दाराशी असावे.

वर्षाची निगा

निगेचे काम मोठे नाही, पण ते ठरल्या वेळी झाले पाहिजे. सणांशी त्याची सांगड घातली तर विसर पडत नाही.

आखाजीपूर्वी, म्हणजे वादळांचे दिवस सुरू होण्याआधी, सर्व स्क्रू, बोल्ट व तिरपे ताण तपासावेत. सैल असेल ते आवळावे, रबर फाटलेले वायसर बदलावेत. पन्हळांतील पाला काढावा. पत्र्यावर चढताना पाय नेहमी खालच्या पट्टीवर येईल असा ठेवावा, फळी टाकूनच चालावे आणि खाली एक माणूस उभा असावा. वारा असताना किंवा पत्रा ओला असताना वर चढू नये.

पोळ्याच्या सुमारास, भर पावसात, आत उभे राहून वर पाहावे. जेथून उजेड दिसतो किंवा थेंब पडतो तेथे खडूने खूण करावी. दुरुस्ती उघडीप पडल्यावर करावी.

दसऱ्याला औजारांची पूजा होते. त्या निमित्ताने गाडीखाना झाडून खांबांची बुडे पाहावीत. गंजाचा आरंभ जवळजवळ नेहमी तेथेच होतो, कारण माती व ओल तेथे साचते. माती दूर करून तारेच्या ब्रशाने गंज घासावा, गंजरोधक प्रायमरचे दोन हात द्यावेत व वर रंग द्यावा. जस्ताचा मुलामा असलेल्या पाईपास जेथे वेल्डिंग केले असेल तेथील जस्त जळून गेलेले असते. त्या जागी जस्तयुक्त रंग द्यावा.

संक्रांतीनंतर हवा कोरडी असते. रंगाचे मोठे काम त्या वेळी करावे. नव्या जस्ती पत्र्यावर साधा रंग धरत नाही; त्यासाठी जस्तावर बसणारे वेगळे प्रायमर मागून घ्यावे.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आखाजीपूर्वी आपल्या गावातील पत्र्याच्या छपरांची एकदा फेरी करून पाहणी करावी. ज्या छपरावर दगड दिसतील त्या घरी थांबावे आणि घरधन्यास वाऱ्याच्या जोराचा वर दिलेला हिशेब समजावून सांगावा. स्क्रू व वायसर यांची किंमत थोडी असते, पत्रा बदलण्याचा खर्च मोठा असतो, आणि उडालेल्या पत्र्याने गेलेला जीव कोणत्याही किमतीस परत येत नाही. कडुनिंबाखालील बैलगाडीची जागा आज ज्या यंत्राने घेतली आहे, त्याच्यावर घराचे पोट आहे. त्याला सावली दिली पाहिजे, आणि ती सावली वादळातही जागेवर राहिली पाहिजे.